कोळी खेकडा: नाव कोळ्याचं, घराणं कुणाचं?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून काढलाय. बोलताना आलेले "म्हणजे", "तर मग", "काय म्हणतात ते" बरेचसे उडवलेत. थोडे राहिले असतील, समजून घ्या.

विषय आला व्हॉट्सअ‍ॅपवरून. उदगीरच्या एका श्रोत्यानं व्हिडिओ पाठवला. मत्स्यालयात काचेमागं एक भलामोठा प्राणी हळूहळू चाललाय, अंग ताटाएवढं आणि पाय बांबूसारखे लांबच लांब. खाली कुणीतरी मराठीत लिहिलेलं: "जगातला सर्वात मोठा कोळी, समुद्रात राहतो, पुढे पाठवा." श्रोत्याचा प्रश्न होता, "दादा, हा कोळी आहे का खेकडा? आणि खेकडा असंल तर आपल्या मांजरेतल्या खेकड्याचा कोण लागतो?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दाचं. खेकडा. दुसऱ्या प्रश्नात मात्र माझे दोन शनिवार-रविवार गेले, आणि आजचा एपिसोड म्हणजे तेच.

आधी नावाचं बघू. इंग्रजीत याला स्पायडर क्रॅब म्हणतात. आपण "कोळी खेकडा" म्हणू, पण मराठीत त्यात एक गंमत आहे. कोळी म्हणजे भिंतीच्या कोपऱ्यात जाळं विणणारा, आणि कोळी म्हणजे समुद्रात जाळं टाकणारा माणूसही. वर्सोव्याच्या माणसाला "कोळी खेकडा" म्हटलं तर त्याला वाटेल, आमच्या घरचाच खेकडा की! लातूरच्या माणसाला वाटेल, अर्धा कोळी अर्धा खेकडा असलेलं काहीतरी विचित्र. जपानी लोकांना तर त्यात कोळी दिसलाच नाही. ते या व्हिडिओतल्या प्राण्याला ताकाआशिगानी म्हणतात, म्हणजे उंच पायांचा खेकडा. मला विचाराल तर तिघांत तेच नाव सर्वांत प्रामाणिक आहे.

आता कोळी आणि खेकडा यांचं नातं. शाळेत आपण सगळ्यांनी घोकलेलं असतं: सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती. संघापर्यंत दोघं बरोबर आहेत. दोघंही संधिपाद, म्हणजे सांधे असलेल्या पायांचे आणि बाहेरून कडक कवच असलेले. तिथून पुढं वाटा फुटतात. कोळी जातो विंचू आणि गोचिडाच्या बाजूला. खेकडा जातो झिंग्याच्या बाजूला, कवचधाऱ्यांमध्ये. आणि गेल्या काही दशकांत डीएनएवरून जे कळलंय ते आणखी चमत्कारिक आहे. कीटक हे कवचधाऱ्यांच्याच वंशवृक्षातून निघालेली फांदी आहेत. म्हणजे खेकड्याला कोळ्यापेक्षा झुरळ जवळचं! मग कोळी खेकडा हे नाव वापरताना आपण संधिपादांतले अगदी लांबचे दोन पाहुणे एकमेकांना चिकटवतोय. दिसायला सारखे दिसले म्हणून.

ही चूक म्हणावी तर जुनी आहे आणि मोठ्या माणसांची आहे. ज्या लिनिअसमुळं आपल्याला दोन शब्दांची शास्त्रीय नावं मिळाली, त्यानं १७५८ च्या आवृत्तीत सगळे खेकडे "कॅन्सर" या एकाच प्रजातीत टाकले होते, आणि तो सगळा कारभार होता कीटकांच्या वर्गात. कोळी, खेकडे, पिसवा सगळे एकाच खोलीत. त्यातल्या एका लांब पायांच्या खेकड्याला त्यानं नाव दिलं कॅन्सर अरॅनिअस. अरॅनिअस म्हणजे कोळ्यासारखा. आज तो हायास अरॅनिअस म्हणून ओळखला जातो. प्रजाती बदलली, पण कोळी काही सुटला नाही.

इथं एक छोटी तक्रार. पेपरात बातमी येते, "सह्याद्रीत खेकड्याची नवी प्रजाती सापडली". पाठ्यपुस्तकात प्रजाती म्हणजे जीनस आणि जाती म्हणजे स्पीशीज. बातमीत म्हणायचं असतं जाती, छापतात प्रजाती. कदाचित "खेकड्याची नवी जात" म्हणायला बातमीदाराला अवघड वाटत असेल, आपल्या समाजात तो शब्द काय काय वाहतो ते आपल्याला माहीत आहे. पण त्यानं घोळ होतो, कारण पुढं आपल्याला दोन्ही शब्द लागणार आहेत. मी पाठ्यपुस्तकाप्रमाणं बोलणार.

तर कोळी खेकडे कुठं बसतात? दशपाद नावाचा गण. दहा पाय, त्यातले पुढचे दोन नांगे. कोळ्याला पाय आठ, खेकड्याला नांगे सोडून आठ, त्यामुळं नजर फसते. दशपादांत झिंगे, शेवंडं, खेकडे सगळे. त्यातल्या खऱ्या खेकड्यांचा गट म्हणजे ब्रॅक्युरा, शब्दशः आखूड शेपटीचे. खेकडा उलटा केला की पोटाखाली दुमडलेली जी पट्टी दिसते ना, ती त्याची शेपटी. झिंग्याची शेपटी मागं पसरलेली असते, खेकड्यानं ती पोटाखाली घडी घालून ठेवलीय. नराची अरुंद, मादीची रुंद, कारण मादी अंडी तिथंच सांभाळते. बाजारात खेकडा घेताना नर-मादी ओळखायची हीच खूण.

२००८ साली पीटर एंग, डॅनिएल गिनो आणि पीटर डेव्ही यांनी जगातल्या सगळ्या खऱ्या खेकड्यांची यादी केली. ६,७९३ जाती भरल्या. त्यात कोळी खेकड्यांचं महाकुल म्हणजे माजॉइडिया. एकट्या त्या महाकुलात नऊशेच्या आसपास जाती. बहुतेकांचं अंग नासपतीसारखं, पुढं निमुळतं, तोंडाशी टोक आलेलं, पाय बारीक. जपानी राक्षसाचे पाय पसरले तर या टोकापासून त्या टोकापर्यंत ३.७ मीटर भरतात, वजन १९ किलोपर्यंत. पण बाकीचे बहुतेक नातेवाईक तळहातावर मावतील एवढे असतात.

आणि हो, ते आपल्याकडंही आहेत. मुंबईपासून खाली कोकण किनाऱ्यावर ट्रॉलच्या जाळ्यात डोक्लिया प्रजातीतले खेकडे येतात. गोल अंग, त्यावर मखमलीसारखी बारीक लव, आणि किडकिडीत पाय. खायला त्यात काही नाही, त्यामुळं चिंबोरीसारखा भाव नाही. बोटीवर निवडताना बाजूला पडणारा माल. त्यामुळंच आपल्या भाषेत त्यांच्यावर फार कुणी बोललेलं नाही.

माझ्या दृष्टीनं खरी गोष्ट इथून सुरू होते, ती एका माणसाची आहे. आल्फ्रेड अल्कॉक. पेशानं डॉक्टर, इंडियन मेडिकल सर्व्हिसमधला. "इन्व्हेस्टिगेटर" नावाचं सर्वेक्षण जहाज होतं, बंगालचा उपसागर आणि अरबी समुद्रात फिरणारं, त्यावर तो १८८८ पासून सर्जन म्हणून होता. पुढं कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमचा प्रमुख झाला. त्यानं भारतातल्या खेकड्यांची यादी करायला घेतली आणि १८९५ साली जो पहिला भाग छापला, तो नेमका कोळी खेकड्यांचा. त्या काळी या गटाला ऑक्सिऱ्हिंका म्हणत, म्हणजे टोकदार तोंडाचे. म्हणजे गट कशावरून केला? तोंडाच्या आकारावरून. टोक आलंय ना, मग या खोलीत.

आता मी कोड लिहून पोट भरणारा माणूस. मला हे लगेच ओळखीचं वाटलं. आपण दोन फंक्शन दिसायला सारखी म्हणून एका फाइलीत ठेवतो, आणि तीन वर्षांनी कळतं की ती आलीत वेगवेगळ्या ठिकाणाहून. ऑक्सिऱ्हिंकाचं तेच झालं. त्यात पार्थेनोपिडी नावाचं एक कुल होतं, कोपरं बाहेर काढून बसल्यासारख्या लांब नांग्यांचं. तोंड टोकदार म्हणून त्यांनाही तिथंच घातलं होतं. पुढं ते वेगळे काढले गेले आणि ऑक्सिऱ्हिंका हे नावच वर्गीकरणातून बाद झालं. अल्कॉकचं कष्टाचं काम वाया गेलं असं नाही हं. त्यानं केलेली वर्णनं, काढलेली चित्रं, जपलेले नमुने आजही वापरतात. फक्त वरची पाटी बदलली.

मग पाटी बदलायला पुरावा काय लागतो? दोन गोष्टी मला फार आवडल्या.

पहिली म्हणजे पिल्लं. समुद्री खेकड्याचं पिल्लू जन्मतः खेकड्यासारखं नसतं. पाण्यात तरंगणारा एक काटेरी ठिपका असतो, त्याला झोइआ म्हणतात. तो कवच टाकत टाकत एकेक टप्पा पुढं जातो, मग मेगालोपा होतो, मग खेकडा. बहुतेक समुद्री खेकड्यांत झोइआचे टप्पे चार, पाच किंवा त्याहून जास्त असतात. कोळी खेकड्यांत मात्र फक्त दोन. पाय लांब असो की आखूड, तोंडाला टोक असो की नसो, टप्पे दोनच. दुसरी गोष्ट म्हणजे कवच टाकणं थांबणं. आपल्या ओळखीचे खेकडे वाढत जातात, जुनं कवच टाकतात, नवं येतं, मोडलेला नांगा पुढच्या वेळी परत फुटतो. कोळी खेकडा वयात आला की शेवटचं कवच टाकतो, आणि मग कधीच नाही. पुढं पाय तुटला तर तुटला. अंगावर शेवाळ चढलं तर चढलं.

त्यातल्या बऱ्याच जाती शेवाळ मुद्दाम चढवतात, ही आणखी एक मजा. पाठीवर आकड्यासारखे वाकलेले केस असतात. खेकडा नांग्यानं शेवाळाचा, स्पंजाचा तुकडा तोडतो, तोंडात घोळवतो आणि त्या केसांवर दाबून बसवतो. आघाड्याची कुसळं धोतराला कशी चिकटतात, अगदी तसं. मग तो हलला नाही तर दगड कुठला आणि खेकडा कुठला, माशाला कळत नाही.

तर असं आहे. लांब पाय आणि टोकदार तोंड ही बाहेरची खूण. पिल्लाचे टप्पे, शेवटचं कवच, नराच्या पोटाखालचे जोडीदार अवयव, आणि आता डीएनए, ही आतली खूण. बाहेरची खूण किती फसवते याचा सगळ्यात मोठा नमुना म्हणजे हॉटेलात महागडा मिळतो तो किंग क्रॅब. लांब पाय, काटेरी अंग, दिसायला चक्क कोळी खेकडा. पण पाय मोजा. मागची जोडी इवलीशी, कवचाखाली लपलेली, वरून नांग्यांसकट आठच दिसतात. तो खरा खेकडा नाहीच, शंखात राहणाऱ्या साधू खेकड्यांच्या घराण्यातून आलाय. वेगवेगळ्या घराण्यांतून पुन्हा पुन्हा खेकड्याचा आकार तयार होतो, किमान पाच वेळा तरी झालाय, आणि त्याला १९१६ साली बोराडेल नावाच्या ब्रिटिश प्राणीशास्त्रज्ञानं नावही दिलं, कार्सिनायझेशन. मराठीत "खेकडीकरण" म्हणू. मराठी माणसाच्या खेकडा वृत्तीवर विनोद करणाऱ्यांनी हा शब्द उचलायला हरकत नाही.

आता आपल्या उदगीरच्या श्रोत्याच्या दुसऱ्या प्रश्नाकडं येतो. मांजरेतला खेकडा आणि जपानचा राक्षस.

दोघांची पूर्ण शास्त्रीय नावं शेजारी शेजारी लिहितो. मॅक्रोकायरा केम्फेरी (टेमिंक, १८३६). बॅरीटेल्फुसा क्युनिक्युलॅरिस (वेस्टवुड, १८३६). पहिला जपानचा, दुसरा आपल्या दख्खनचा, मराठवाड्यातल्या नद्या-ओढ्यांतून, विहिरींच्या कडेनं सापडणारा. साल बघितलं का? एकच. १८३६. मी हे पाहिलं तेव्हा दोनदा तपासलं.

आणि दोन्हीकडं माणसाचं नाव कंसात आहे. हा कंस उगाच नाही. प्राण्यांच्या नावांचा नियम असा की ज्यानं पहिल्यांदा जातीचं वर्णन केलं त्याचं नाव आणि साल पुढं लिहायचं. पुढं कुणी ती जात उचलून दुसऱ्या प्रजातीत नेली, तर मूळ माणसाचं नाव कंसात जातं. म्हणजे कंस दिसला की समजायचं, या घराची पाटी बदललीय. आमच्या भाषेत सांगायचं तर फाइल रिनेम झालीय, पण पहिला कमिट कुणाचा ते पुसलेलं नाही.

जपानच्या खेकड्याला टेमिंकनं आधी माजा केम्फेरी म्हटलं होतं. केम्फेर हा जर्मन डॉक्टर, १६९० ते १६९२ डच कंपनीच्या नोकरीत जपानमध्ये होता, त्याच्या नावावरून. पुढं द हान यानं त्याच्यासाठी मॅक्रोकायरा ही प्रजाती केली. ती प्रजाती मग कधी माजिडी कुलात, कधी इनॅकिडी कुलात, आणि आता मॅक्रोकायरिडी या स्वतःच्या कुलात. एवढा मोठा प्राणी, मत्स्यालयात लाखो लोकांनी पाहिलेला, पण कुल ठरता ठरत नव्हतं.

आपल्या खेकड्याची कथा घरची आहे. ईस्ट इंडिया कंपनीचा एक लष्करी अधिकारी होता, विल्यम सायक्स. १८२० च्या दशकात दख्खनची आकडेवारी गोळा करायचं काम त्याच्याकडं होतं. गावं, पिकं, माणसं मोजता मोजता त्यानं पक्षी, मासे आणि खेकडेही गोळा केले. दख्खनच्या जमिनीवरच्या खेकड्याचा त्याचा वृत्तांत १८३६ साली लंडनच्या कीटकशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात आला, आणि त्यात शास्त्रीय नाव दिलं वेस्टवुडनं. वेस्टवुड हा मूळचा कीटकांचा माणूस. लिनिअसनंतर पाऊणशे वर्षांनीसुद्धा खेकडा फिरून कीटकवाल्यांच्याच दारात! नाव ठेवलं थेल्फुसा क्युनिक्युलॅरिस. क्युनिक्युलस म्हणजे लॅटिनमध्ये ससा, आणि सशाचं बीळही. बीळ करून राहणारा. ज्यानं कुणी काठावरच्या मातीत हात घातलाय त्याला हे नाव लगेच पटेल.

मग १९०९ मध्ये याच खेकड्यासाठी बॅरीटेल्फुसा हे नाव कुणी काढलं? त्याच अल्कॉकनं. कोळी खेकड्यांपासून सुरू करून चौदा वर्षांनी तो गोड्या पाण्यातल्या खेकड्यांवर आला होता. एकाच माणसाच्या टेबलावर दोन्ही घराणी येऊन गेली.

तर नातं काय? दोघंही ब्रॅक्युरा, आणि त्यातही पुढारलेल्या खेकड्यांच्या मोठ्या शाखेत, युब्रॅक्युरात. तिथून एक फांदी माजॉइडियाकडं, समुद्रात. दुसरी फांदी गोड्या पाण्याकडं, जेकार्सिन्युसिडी कुलाकडं, ज्यात आपला बॅरीटेल्फुसा बसतो. म्हणजे चुलत-चुलत भाऊ म्हणा. भाऊबंदकीत जमीन फार पूर्वी वाटून झालेली, आता एकमेकांच्या लग्नालाही जात नाहीत असं नातं. तरी किंग क्रॅबपेक्षा मांजरेतला खेकडा कोळी खेकड्याला जवळचा आहे, दिसायला अजिबात सारखा नसून.

दोघांतला सगळ्यात मोठा फरक परत पिल्लांचाच. कोळी खेकड्याला झोइआचे दोन टप्पे, आपल्या खेकड्याला शून्य. गोड्या पाण्यातल्या खेकड्याच्या अंड्यातून थेट छोटासा खेकडा बाहेर येतो. अंडी मोठी, पण मोजकी. मादी त्यांना पोटपट्टीखाली घेऊन फिरते, पिल्लं बाहेर आली तरी काही दिवस तिथंच धरून ठेवते. १९७० च्या दशकात औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठात आर. नागभूषणम आणि ए. डी. दिवाण यांनी याच जातीच्या प्रजननचक्राचा अभ्यास केला होता. आपल्याकडच्या खेकड्यावर आपल्याकडच्या विद्यापीठात काम झालंय आणि ते आपल्याला शाळेत कुणी सांगत नाही, हे मला जरा लागलं.

पिल्लं तरंगत नाहीत याचा परिणाम काय? समुद्री झोइआ प्रवाहाबरोबर कुठल्या कुठं जातो. आपल्या खेकड्याचं पिल्लू आईच्या बिळापासून चालत जाईल तेवढंच. मधे डोंगर आला की थांबला. म्हणून सपाटीवर दूरवर एकच जात दिसते, आणि सह्याद्रीत या डोंगरावर एक, त्या डोंगरावर दुसरी. २०१६ च्या फेब्रुवारीत समीर कुमार पाटी, अनिल खैरे आणि तेजस ठाकरे यांनी सह्याद्रीतल्या पाच नव्या जाती जाहीर केल्या. पाटी भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या पुणे केंद्रातले. नावामुळं गुबर्नेटोरिआना ठाकरेई ही जात बातम्यांत गाजली. त्याच पाचांत एक होती गुबर्नेटोरिआना अल्कॉकी, आपल्या अल्कॉकच्या नावाची, तिच्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. दोनच वर्षांत, २०१८ मध्ये, पाटी आणि ठाकरे यांनीच पुन्हा तपासून सह्याद्रिआना नावाची नवी प्रजाती केली आणि या दोन्ही जाती तिच्यात नेल्या. म्हणजे इथं मात्र खरोखरच नवी "प्रजाती" निघाली होती, पण तोवर बातमी शिळी झाली होती.

आता कुणी म्हणेल, हे नावं बदलायचं काम पगारी लोकांचं, आपल्याला रश्श्याशी मतलब. ठीक आहे. पण २ जुलै २०१९ ची रात्र आठवा. चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं. वीसच्या आसपास माणसं गेली. दोन-तीन दिवसांत तेव्हाच्या जलसंधारण मंत्र्यांनी सांगितलं की खेकड्यांनी धरण पोखरलं. मग विरोधकांनी टोपलीत खेकडे घालून पोलीस स्टेशन गाठलं, आरोपींना अटक करा म्हणाले. देशभर हसं झालं, मीम आले.

मला त्यात हसू आलं नाही, आणि मंत्र्यांचं म्हणणंही पटलं नाही. मातीच्या बांधात खेकडे बिळं करतात हे खोटं नाही. सायक्स-वेस्टवुडनी १८३६ साली नावातच लिहून ठेवलंय. बिळातून पाणी झिरपलं, झिरपता झिरपता माती घेऊन गेलं, की भोक मोठं होतं, हेही खरं. पण "खेकडे" हे उत्तर नाही. कुठला खेकडा? किती खोल जातो? उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की ओल शोधत बीळ वाढवतो का? मी वाचलेल्या बातम्यांपैकी एकीतही जातीचं नाव नव्हतं. कोकणच्या बाजूला गोड्या पाण्यातल्या जाती अनेक, सगळ्यांच्या सवयी एकसारख्या असतील असं धरून चालता येत नाही. नाव माहीत असेल तर पुढचा प्रश्न विचारता येतो: बिळं दिसतात, ती दर वर्षी बुजवायची असतात, ती बुजवली का? नाव नसेल तर सगळा दोष "खेकडे" या एका शब्दावर टाकून मोकळं होता येतं. टोपलीतल्या खेकड्याला काय, त्याला वकील नाही.

आणि हा विषय मराठवाड्याला लांबचा नाही. आपल्याकडं पाझर तलाव आणि साठवण तलाव गावोगाव आहेत, बांध मातीचेच. २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, अशा दुष्काळात हा खेकडा बिळातच दिवस काढतो. जगभर बघितलं तर २००९ साली गोड्या पाण्यातल्या १,२८० जातींचा धोक्याच्या दृष्टीनं आढावा घेतला गेला, त्यातल्या ४९ टक्के जातींबद्दल ठरवण्यापुरती माहितीच नव्हती. धोका आहे की नाही हेच सांगता येईना. ज्याची नोंद नीट नाही, त्याच्या नावानं ना संरक्षण मागता येतं, ना धरणाचा हिशेब.

शेवटी एक प्रश्न राहिला. नांदेडहून एका ताईंनी विचारलंय, "खेकडा तिरकाच का चालतो? कोळी खेकडाही तिरका चालतो का?"

खेकड्याचं अंग रुंद आणि पाय दोन्ही बाजूंना. पायातले मोठे सांधे दाराच्या बिजागरीसारखे एकाच दिशेनं मोकळे वाकतात, आणि ती दिशा बाजूची. त्यामुळं बाजूला पळणं त्याला सोपं. पण कोळी खेकड्यांचं अंग रुंद नाही, लांबट किंवा गोल आहे, आणि त्यांच्यातले काही सरळ पुढं चालतात. अमेरिकेच्या किनाऱ्यावरचा लिबिनिया नावाचा कोळी खेकडा तर बहुतेक वेळ पुढंच चालतो. म्हणजे "खेकड्याची चाल तिरकी" ही आपली समजूत आपल्या ओढ्यातल्या खेकड्यापुरती बरोबर आहे, ताई. डोक्लिया कसा चालतो ते बघायला मला रत्नागिरीला जावं लागेल, आणि सुट्टी मिळाली तर पावसाळा संपल्यावर जाणार आहे.